पिवळीचा पाट

"ही सुई लावून घेऊ नको. आन उद्या लेकरं झाली तर त्यास्नीबी लावू देऊ नको."

अंगदभाऊजी हे मला म्हणाले तेव्हा माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. माझे थोरले दीर. ते गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे होते, माझ्यापासून चांगले चार हात लांब, कारण तेवढं अंतर राखायला त्यांना घरानं शिकवलं होतं. हातात घडी घातलेला एक कागद होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही. दावणीच्या दगडावर ठेवला आणि मागे सरले.

"मला दोन आजार हायत, सविता. एकाला समदं घर भ्यातंय. दुसरा ह्या घरातलाच हाय, त्याला कुनीच भीत न्हाई."

मी "बरं" म्हणाले. कागद उचलला, उघडला नाही, जाता जाता चुलीच्या सरपणात खोचून टाकला. मग रांजणाशी जाऊन साबणानं दोनदा हात धुतले. मी नेवाशाची, बी.एस्सी. झालेली. एचआयव्ही कशानं होतो आणि कशानं होत नाही यावर मी परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. तरी धुतले.

त्याच दुपारी माझ्या डाव्या कानाच्या पाळीतून सुई गेली. दीड-दोन महिन्यांनी मला बारीक ताप येऊ लागला, जेवणावरची वासना उडाली, भाकरीचा वास आला तरी मळमळायचं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई रंगुबाई, गालातल्या गालात हसल्या. त्यांना वाटलं, दिवस गेले. दिवस गेले नव्हते. ते दुखणं आलं तसं गेलं आणि मी विसरून गेले.

ह्या घरातला पिढीला एक पुरुष चाळिशीच्या आसपास जातो. ओसरीवर तीन फोटो आहेत: माझ्या सासऱ्यांचे वडील, सासऱ्यांचे थोरले भाऊ, आणि माझे मधले दीर कानिफनाथ. तिघांचं एकच. आधी डोळे पिवळे होतात, मग अंग वाळत जातं आणि पोट भरत जातं. डॉक्टर म्हणतात पोटात पाणी झालं. घर म्हणतं, विहीर पोटात आली. कारण फार मागे, ह्या घरात सून म्हणून यायची एक मुलगी अंगाला हळद लागलेली असतानाच आमच्या विहिरीत गेली. तिला घरात पिवळी म्हणतात, आणि ते नाव घेताना प्रत्येकाचा आवाज आपोआप खाली येतो. पिवळी पिढीपिढीला येते, ओळीतून एक निवडते आणि नेते.

तिला निवडता येऊ नये म्हणून सुई. बोटभर लांबीची, चांदीची, हळदीच्या डबीत खुपसून देवघरात ठेवलेली. दर तिसऱ्या वर्षी, ऊसतोडीची टोळी गावातून निघायच्या आदल्या दिवशी, ती बाहेर निघते. घरातला कर्ता आपल्या बोटाला टोचतो, ते मुळाचं रक्त. मग तीच सुई, न पुसता न धुता, मधल्या काळात जन्मलेल्या लेकरांच्या आणि नव्या सुनांच्या डाव्या कानातून जाते. सगळ्यांचं रक्त एक झालं की पिवळीला एकाला वेगळं काढता येत नाही. सुई पुसली की सगळं तुटलं.

लग्न होऊन आले तेव्हा मला याची गंमत वाटली होती. मैत्रिणीला फोनवर मी रंगवून सांगितलं होतं.

यंदा गणपती झाल्यावर सुप्याच्या एमआयडीसीत, अजिनाथांच्या कंपनीत, रक्तदानाचं शिबिर झालं. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलं, चहा-बिस्किटं खाऊन प्रमाणपत्र घेऊन घरी आले. आठ दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. "एकदा भेटून जा. फोनवर नको." कावीळ ब. डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. त्यांनी विचारलं, "घरात कुणी लिव्हरच्या दुखण्यानं गेलंय?" अजिनाथांनी तीन बोटं वर केली आणि तशीच धरून ठेवली.

माझंही रक्त तपासलं. "तुम्हाला येऊन गेलीय," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या शरीरानं हाकलून दिली. मोठ्या माणसात बहुतेकदा असंच होतं. लहान वयात शिरली की मात्र घर करून राहते. तीस-तीस वर्षं गप्प बसते." लेक स्नेहल माझ्या मांडीवर होती, चौदा महिन्यांची. तिचं कार्ड पाहून ते म्हणाले, "जन्माच्या दिवशीच लस टोचलीय, पुढचे डोसही झालेत. हिची काळजी करू नका."

मी काळजी सोडली नाही. तिथून निघताना मला चुलीत गेलेला तो कागद आठवला.

सुईच्या दिवसासाठी गावी जायला आम्ही जामखेडच्या एसटीत बसलो तेव्हा अजिनाथ म्हणाले, "घरात काही बोलायचं नाही. मामांना आणि आईला सहन नाही व्हायचं. स्नेहलला ताप आहे म्हणून सांग, सुई टळेल."

मामा म्हणजे माझे सासरे, काकासाहेब. त्यांची मुलंही त्यांना मामाच म्हणतात, भाच्यांचं ऐकून पडलेली सवय.

"आणि बाकीची लेकरं?" हेही त्यांनीच विचारलं, खिडकीकडे तोंड करून.

"त्यांचं नंतर बघू," मी म्हणाले. हे मी म्हणाले, ते लिहून ठेवते.

अंगणात पोचलो आणि मला कसंतरी झालं. मांडव म्हणून गोरक्षभाऊजींनी टोळीची नवी ताडपत्री ताणली होती, पिवळीजर्द. गोरक्षभाऊजी म्हणजे मामांच्या थोरल्या भावाचा मुलगा, टोळीचा मुकादम. दुसऱ्या दिवशी हीच ताडपत्री उसाच्या फडावर जाऊन कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, पडणार होती. दुपारचं ऊन तिच्यातून गाळून खाली येत होतं, आणि खाली बसलेल्या प्रत्येकाचं कपाळ, दात, नखं, डोळ्यांतलं पांढरं, सगळं पिवळं. मी मनाशी ठरवून आले होते की आज सगळ्यांचे डोळे नीट निरखायचे. त्या उजेडात काहीच निरखता येत नव्हतं.

"ताई, हे जरा वाचता का?"

माझी धाकटी जाऊ पंकजा. रविराजची बायको, वीस वर्षांची, सातवा महिना. पोपटी साडी नेसली होती, पण ताडपत्रीखाली ती साडीही पिवळीच दिसत होती. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"कसला आहे?"

"आपल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दिला, काल. म्हनल्या, तालुक्याला दाखवून ये, लगेच जा. पर उद्या तर निघायचंय."

"काय वाचायचं त्यात," रविराज दोर ओढता ओढता म्हणाला. "पोरगा का पोरगी ते लिवत न्हाईत आता."

सगळे हसले. पंकजाही हसली, पण कागद तसाच पुढे धरून. मी बाहेर गोठ्याकडे बघत होते, अंगदभाऊजी दिसतात का म्हणून. स्नेहल खांद्यावर किरकिरत होती. "बघते गं, ही झोपली की," असं म्हणून मी तो कागद स्नेहलच्या पिशवीत, दुधाच्या बाटलीशेजारी सरकवला.

"आणि तू ह्या अवस्थेत जाणार?" मी तिला विचारलं.

"एका कोयत्याला दोन मानसं लागत्यात, ताई. मी न्हाई गेले तर ह्यांच्या जोडीला कोन? मोळ्या न्हाई उचलणार मी. नुसतं पाचट काढीन." मग जरा थांबून, "लई थकायला हुतंय पर. जेवन जात न्हाई. आत्या म्हनत्यात, मुलगा असला की असंच हुतं."

त्या वेळी देवघरात आत्या एकट्याच होत्या. तिथं काय झालं ते त्यांनी मला नंतर, दोन वेळा, त्याच शब्दांत सांगितलं.

त्यांनी पाट मोजून घेतले. तीन लेकरं: आमची स्नेहल, गोरक्षची तीन वर्षांची होत आलेली रोहिणी आणि तिचा धाकटा भाऊ. गोरक्षची दोन्ही लेकरं फडावर कोपीत जन्मलेली. चौथा पाट नव्या सुनेचा. आणि पाचवा तिचा, जिच्यासाठी ओळीत जागा ठेवायची असते, वर पिवळा खण घालून. मग त्यांनी डबी उघडली. हळद ओली होती. डबीला कुणाचा हात लागला नव्हता, देवघरात पाण्याचा थेंब नव्हता, तरी हळद चिकट होऊन सुईला धरून बसली होती. त्यांना वास आला, शेवाळलेल्या पाण्याचा. कानिफला शेवटी तिरडीवर घेतला तेव्हा त्याच्या अंगाला असाच वास येत होता.

"आज ती आलीय," त्या देवाला म्हणाल्या. "माजा एक न्हेलाय. आता पुरं कर." मग पदर डोक्यावर घेऊन ताट बाहेर आणलं.

आणि बाहेर आल्याबरोबर त्यांनी पाहिलं की पाचव्या पाटावर, खणावरच, पंकजा बसली आहे.

कुणी तिला सांगितलंच नव्हतं. पाय भरून आले, जवळ पाट दिसला, बसली. हात पोटावर, डोळे मिटलेले, तोंड वर ताडपत्रीकडे. हरभरा निवडत असलेल्या भीमाबाईंचं सूप हातात तसंच राहिलं. भीमाबाई म्हणजे मामांची बहीण.

"ऊठ," आत्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हता.

पंकजानं डोळे उघडले. "काय झालं, आत्या?"

"ऊठ म्हनते ना. तो तुजा न्हाई."

ती घाबरून उठली, खण पायात येऊन घसरला. रविराजनं तिला धरलं. भीमाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "बसायला तोच पाट घावला का हिला." मला ते सगळं अंगावर आलं, पण मी स्वतःला म्हणाले, दमलेली बाई बसली, त्यात काय.

मामा काठी टेकत पुढे आले. त्यांचा हात दोन वर्षांपासून थरथरतो. "मला आता जमत न्हाई," ते म्हणाले. "हितनं फुडं मुळाचं रक्त अजिनाथचं."

गोरक्षभाऊजी चाचरत म्हणाले, "थोरला तर अंगद हाय की, काका."

"त्याचं नाव हितं काढू नको."

मी पुढे झाले. "मामा, स्नेहलला ताप आहे सकाळपासून. हिला नको आज."

आत्यांनी लगेच स्नेहलच्या मानेला हात लावला. "गार हाय पोरगी." मग भीमाबाईंकडे वळून, "शिकल्याल्या बायांची लेकरं सोयीनं तापत्यात."

"ऱ्हाऊ द्या तिला," मामा म्हणाले. "फुडच्या खेपंला लावू. बाकीच्यांचं उरका, उन्हं कलायच्या आत."

एवढंच मला हवं होतं. मी स्नेहलला घेऊन मांडवाच्या कडेला गेले. माझा जीव भांड्यात पडला. आणि मग मी वळून पाहिलं.

अजिनाथांच्या हातात सुई होती. समोर रोहिणी पाटावर बसली होती, आपले केस आपणच कानामागे सारून, शहाण्या मुलीसारखी. फडावर जन्मलेली, एकही लस न टोचलेली. तिच्या मांडीवर तिचा भाऊ. शेजारी पंकजा, आता बरोबर पाटावर. अजिनाथ माझ्याकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर घाम आला होता. सगळ्या भावकीसमोर सुई खाली ठेवायची तर कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण सांगायचं नाही हे आमचं एसटीत ठरलं होतं. मी काही बोलले असते तर ते थांबले असते. मी बोलले नाही. लेक माझ्या कडेवर होती, म्हणजे माझं काम झालं होतं.

त्यांनी सुई बोटाशी नेली.

अंगदभाऊजी गोठ्याजवळ उन्हात बसले होते. तिथून मांडव त्यांना पिवळ्या पेटीसारखा दिसत होता, आत माणसं कोंडलेली. चार वर्षांपूर्वी, कारखान्यावर ऊस वाहणारा ट्रक चालवत असताना त्यांची तपासणी झाली. बायकोचं रक्त स्वच्छ निघालं, देवाची कृपा, पण ती माहेरी गेली ती गेलीच. तेव्हापासून त्यांच्या ताटाला लाल दोरा बांधलेला आहे, चुकून कुणी घेऊ नये म्हणून. दर महिन्याला नगरला जाऊन गोळ्या आणतात, एक दिवस चुकवत नाहीत. तिथंच त्यांना दुसऱ्या आजाराचं कळलं. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की त्यांच्या एकाच गोळीत दोन्हींचं औषध आहे. म्हणजे ज्याच्या रक्ताला अख्खं घर भ्यायचं, तेवढा एकच माणूस त्या घरात औषधावर होता.

ते पुढे मला म्हणाले, "मी आरडलो असतो तर कुनी ऐकलं नसतं, सविता. मी सांगून बघितल्यालं. माज्या बोलन्याला ह्या घरात किंमत न्हाई. माज्या रक्ताला हाय."

ते मांडवात आले तेव्हा बायका आपोआप मागे सरल्या. त्यांना वाट करावी लागली नाही, ती त्यांच्यासाठी नेहमीच झालेली असते.

"थोरला मी हाय," ते म्हणाले. "मान माजा हाय."

अजिनाथांनी टोचायच्या आत त्यांच्या हातातून त्यांनी सुई काढून घेतली. अजिनाथांनी ती सोडलीही. मग स्वतःच्या अंगठ्यात खोल खुपसली, हाडाला लागेल इतकी, बाहेर काढली, आणि रक्तासकट हळदीच्या ताटात ठेवली. त्या उजेडात रक्त काळं दिसलं.

"घ्या," ते म्हणाले. "लावा आता."

कुणी हललं नाही. मग गोरक्षभाऊजींनी झडप घालून दोन्ही लेकरं उचलली आणि रोहिणीचा कान, ज्याला काहीच लागलं नव्हतं, शर्टाच्या बाहीनं खसाखसा पुसायला लागले. मामांची काठी उठली. पहिली खांद्यावर बसली, दुसरी मानेवर. अंगदभाऊजींनी हात वर केला नाही. रक्ताळलेला अंगठा मुठीत झाकून ते उभे राहिले, कुणाला लागू नये म्हणून.

"एवढी दुश्मनी? लेकरांशी?" मामा धापा टाकत होते. "तुजी जिंदगी तर गेलीच, आता त्यांचीबी घालवतो का?"

तिसऱ्या काठीला माझा आवाज निघाला. कसा, मला ठाऊक नाही.

"मामा, थांबा. त्यांनी वाचवलंय. त्यांना आहे तीच कावीळ यांना पण आहे." मी अजिनाथांकडे बोट केलं. "सुप्याला कळलं. पिवळी ह्या सुईतून जाते. तुमच्या वडलांना, तुमच्या थोरल्या भावांना, कानिफभाऊजींना तीच झाली होती. तपासलं नाही कुणी, एवढंच."

अजिनाथ खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भीमाबाई म्हणाल्या, "बघा, नवऱ्याला चव्हाट्यावर आनलं हिनं."

"माज्या पोरावर बालंट घेते," आत्या माझ्या अंगावर आल्या. "कुटनं शिकून आलीस हे?"

"आई," अजिनाथ तोंडावरचे हात न काढता म्हणाले, "खरं हाय ते."

आत्या जागच्या जागी थांबल्या. मामांची काठी खाली आली. बराच वेळ आत्या एकेका मुलाकडे बघत राहिल्या: अंगद, अजिनाथ, रविराज. मग वर ओसरीवरच्या फोटोकडे. त्यांचं मन कुठे चाललंय ते मला दिसत होतं आणि ते मला थांबवता येत नव्हतं.

"मला ही सुई लावली तवा मी नऊ वर्सांची हुते," त्या म्हणाल्या. "सासूनं धरलं हुतं. मग ही समदी माज्या पोटची." त्या माझ्याकडे वळल्या. राग कुठल्या कुठे गेला होता. "पोटातनं जातं का गं ते? आईकडनं लेकराला?"

"जातं, आत्या. बाळंत होताना."

"म्हंजी ती पिवळी मीच का?"

ताडपत्रीखाली त्या उभ्या होत्या, कपाळ पिवळं, डोळे पिवळे, हातात हळदीचं ताट. मला त्यांच्याकडे बघवेना. मी स्नेहलला खाली ठेवलं आणि त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं. "तुम्ही नाही. तुम्हाला कुणी दिलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. कुणाचाच दोष नाही." त्या माझ्या खांद्याला धरून हळूहळू खाली बसल्या, अगदी पाचव्या पाटावर, आणि या वेळी कुणी त्यांना ऊठ म्हणालं नाही.

पण गोरक्षभाऊजींनी एवढं थांबून ऐकलं नव्हतं. "आमी आत्ताच निघतो," ते ओरडून सांगत होते. "हितं पानीबी प्यायचं न्हाई. रव्या, बायकोला घे. ट्रॉली जोडलीय." मी आत्यांजवळ बसलेली. मागे दोर सुटल्याचा आवाज आला आणि ताडपत्री एकदम सरकन निघाली.

ऊन धाडकन खाली आलं. सगळ्यांचे चेहरे आपापल्या रंगाचे झाले. मामा सावळे, भीमाबाई गोऱ्या, अजिनाथ राखेसारखे. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले असते. ट्रॉलीत चढता चढता पंकजानं वळून माझ्याकडे पाहिलं. तिची साडी आता पोपटी होती. हात खरे, ओठ खरे. डोळे मात्र पिवळेच राहिले होते.

मला वाटलं, माझ्याच डोळ्यांना अजून ताडपत्रीची सवय आहे.

तिनं हातानं कागदासारखी खूण केली, वाचला का, अशी. मी मान हलवली, फोन करते, अशी. ट्रॅक्टर वळणावर गेला.

दिवेलागणीच्या आधी स्नेहलची बाटली धुवायला मी पिशवी उघडली. कागद दुधानं भिजला होता, अक्षरं शाबूत होती. वरती नाव, पंकजा रविराज. एचआयव्ही: निगेटिव्ह. खाली कावीळ ब: पॉझिटिव्ह. त्याखाली नर्सबाईंनी मराठीत पेनानं लिहिलं होतं, बाळंतपण दवाखान्यातच, बाळाला लगेच लस, सोबत कुणीतरी या. सुई तिला अजून लागलीच नव्हती; तिला ही नवऱ्याकडूनच आली असणार.

ज्या लेकीला लस होती तिच्यावर मी दिवसभर पहारा दिला. जिच्या पोटातल्याला अजून काहीच नव्हतं, तिचा कागद माझ्याच पिशवीत होता.

आता दोन महिने होत आले. आमच्या घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून झालं आहे. कुणाचं काय निघालं ते त्यांचं त्यांचं. अजिनाथांची तपासणी सुरू आहे, लिव्हर अजून बरं आहे. आत्या डॉक्टरांपुढे पदर डोक्यावर घेऊन बसतात आणि सगळं विचारून घेतात. अंगदभाऊजींच्या ताटाचा लाल दोरा त्यांनी स्वतः विळीवर कापला. मामा अजून त्यांच्याशी बोलत नाहीत, पण पंगतीत त्यांच्या शेजारी बसतात. सुई अंगदभाऊजींनी झाकणाच्या बाटलीत घालून दवाखान्यात देऊन टाकली. डबी देवघरातच आहे. परवा मी उघडून पाहिली. रिकामी होती, आणि तळ ओला होता.

पंकजाचा फोन लागत नाही. रविराजचाही नाही. गोरक्षभाऊजींनी माझा नंबर ब्लॉक करून ठेवलाय. ज्या कारखान्यावर टोळी गेली तिथून ती दिवाळीनंतर फुटली, अर्धे कोयते दुसरीकडे गेले, कुठे ते कुणी सांगेना. अंगदभाऊजी मोटारसायकलवर तीन कारखाने फिरून आले. एके ठिकाणी त्यांना कळलं की पोटुशी बाई होती, डोळे आलेत म्हणून काळा चष्मा लावायची.

तिला नववा लागला आहे. बाळ जन्मल्यावर एका दिवसाच्या आत त्याला लस टोचायला हवी, मिळालं तर सोबतचं दुसरं इंजेक्शनही. त्याच्यानंतर उशीर होत जातो. कोपीत बाळंत झाली तर कुणालाच कळणार नाही, आणि ते बाळ मोठं होईल, हसेल, खेळेल, कोयता धरेल, आणि पिवळी त्याच्या आत तीस वर्षं गप्प बसेल.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या गावाबाहेर, कॅनॉलच्या कडेला, कारखान्याच्या मोकळ्या जागेत टोळ्या उतरल्या असतील. त्यांत पिवळ्या ताडपत्रीची कोपी दिसली तर जरा थांबा. पंकजा कोण, विचारा. ती कोपीत बसली असेल तर तिथून बघून जाऊ नका, आत सगळेच पिवळे दिसतात. तिला बाहेर बोलवा, चष्मा काढायला सांगा, आणि तिचे डोळे उन्हात बघा.